एकच राइड, दोन शेजार: टियानाला कॅलिफोर्नियात आणि फ्लोरिडात भेटून

डिस्नेच्या चाहत्यांमध्ये गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त भांडणं कशावरून झाली असतील, तर ती पाण्याच्या एका राइडवरून. स्प्लॅश माउंटन कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1989 साली सुरू झाली आणि फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये 1992 साली. तिची गोष्ट घेतली होती 1946 च्या ‘साँग ऑफ द साउथ’मधून. यादवी युद्धानंतरच्या जॉर्जियातलं मळ्यावरचं जगणं फार गोडगुलाबी रंगवल्याबद्दल त्या चित्रपटावर पहिल्यापासून टीका होत आली. अमेरिकेत तो घरी बघण्यासाठी डिस्नेनं कधी विक्रीलाच काढला नाही. शेवटी जून 2020 मध्ये जाहीर झालं की राइड तीच राहील, पण गोष्ट बदलेल. जुन्या गोष्टीतले ससा, कोल्हा आणि अस्वल जाणार आणि त्यांच्या जागी 2009 च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटातली, लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरची टियाना येणार. फ्लोरिडात नवी राइड 28 जून 2024 ला उघडली, कॅलिफोर्नियात 15 नोव्हेंबर 2024 ला. नाव टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर. बायू म्हणजे लुइझियानातलं संथ पाण्याचं दलदलीचं रान.

जुनी गोष्ट जायला हवी होती का, या वादात मी शिरत नाही. माझ्या लेखी ती जायलाच हवी होती. मला बघायचं होतं ते वेगळंच: नवी गोष्ट आजूबाजूच्या परिसरात बसते का? तीच टियाना दोन ठिकाणी आणि दोन्हीकडे शेजार वेगळा, त्यामुळे तुलना आयती समोर होती. बरोबर भाची होती. ती तिकडेच शिकते आणि डिस्नेच्या बाबतीत पक्की एकांगी आहे.

सुरुवात कॅलिफोर्नियात. इथं माझा पहिला सल्ला असा की गेटमधून आत शिरल्या शिरल्या टियानाकडे पळू नका. आधी न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरमधून सावकाश चाला. हा भाग 1966 साली उघडला तेव्हा खऱ्या न्यू ऑर्लिन्सचे महापौर हजर होते. लोखंडी नक्षीचे कठडे, गॅलऱ्यांतून लोंबणाऱ्या मण्यांच्या माळा, अरुंद गल्ल्या. आणि पायरेट्स ऑफ द कॅरिबियन आधी कराच. 1967 ची ही राइड सुरू कुठं होते बघा: बायूमध्ये! काळोखं पाणी, लुकलुकणारे काजवे, पडवीत आरामखुर्चीत झुलत बसलेला एक म्हातारा. तिकडून बँजोचे सूर येतात आणि उजेड अगदी बेताचा. बोटीच्या एका अंगाला ब्लू बायू नावाच्या रेस्टॉरंटमध्ये लोक जेवत बसलेले दिसतात. म्हणजे टियाना यायच्या कितीतरी आधीपासून या कोपऱ्यात बायू होताच.

तिथून बाहेर पडलं की टियानाज पॅलेस लागतं. पूर्वी तिथं फ्रेंच मार्केट होतं, सप्टेंबर 2023 मध्ये ते टियानाचं रेस्टॉरंट झालं. राइड तयार व्हायच्या वर्षभर आधीच तिचा मुक्काम शेजारी पडला होता. ही आखणी हुशारीची वाटली. शाकाहारी मंडळींनी इथला सात पालेभाज्यांचा गंबो, म्हणजे न्यू ऑर्लिन्सकडचं दाट कालवण, मागावा. ऑर्डर देताना मांसाशिवायचा हवा असं स्पष्ट सांगा, कारण चिकन आणि सॉसेज घातलेलाही मिळतो. टियानाचं पात्र ज्यांच्यावरून सुचलं त्या लीआ चेस न्यू ऑर्लिन्समधल्या नामांकित आचारी. वेगवेगळ्या पाल्यांचा गंबो ही त्यांची खासियत.

पुढं हाँटेड मॅन्शन, आणि ते संपलं की लगेच टियानाचा डोंगर. या पट्ट्याचं जुनं नाव क्रिटर कंट्री. टियाना आल्यावर ते बायू कंट्री झालं. चालत येताना कुठं सांधा जाणवतो का, हे मी मुद्दाम बघत होतो. नाही जाणवला. शहराच्या गल्ल्या संपतात, मग शहराबाहेरची हवेली, मग झाडी आणि पाणी. शेजारून नदी वाहतेय, तिच्यावर होड्या चालल्यात. काटेकोर बघायचं तर काळ जुळत नाही. स्क्वेअर एकोणिसाव्या शतकातला आणि टियाना 1920 च्या दशकातली. पण चालणाऱ्याच्या नजरेला हा फरक टोचत नाही, कारण लोखंडी कठडे आणि जॅझ दोन्ही एकाच गावचे.

“बघ मामा, जणू पहिल्यापासून इथंच होती,” भाची म्हणाली. मी मान डोलावली. वाद फ्लोरिडासाठी राखून ठेवला होता.

आता राइडबद्दल. पाण्याचा मार्ग, चढ, शेवटची सुमारे 50 फुटांची उडी, सगळं जुनंच. गोष्ट अशी की टियानाला मार्डी ग्रा या न्यू ऑर्लिन्सच्या सणाच्या जलशासाठी वादक हवे आहेत, ते शोधायला आपण तिच्याबरोबर रानात शिरतो. वाटेत मामा ओडी ही चित्रपटातली जादूगार म्हातारी आपल्याला बेडकाएवढं करून टाकते. बाहुल्यांच्या हालचाली बघून थक्क व्हायला होतं. टियाना बोलताना तिचे खांदे आणि मान ज्या सहजतेनं वळतात, त्यापुढं जुन्या राइडमधल्या बाहुल्या खेळण्यातल्या वाटतात. त्या जुन्यांपैकी कॅलिफोर्नियातल्या बऱ्याचशा मुळात तिथल्याही नव्हत्याच. 1988 मध्ये बंद पडलेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या कार्यक्रमातून त्या उचलून आणल्या होत्या. पार्कांमध्ये असं चालतंच. आता सगळे जुन्या पात्रांसाठी उसासे टाकतात, पण ती पात्रंही एकेकाळी कुणाच्या तरी जागी आली होती.

एक तक्रार मात्र आहे. जुन्या राइडमध्ये उडीला कारण होतं: ससा कोल्ह्याच्या तावडीत सापडायचा आणि काटेरी झुडपात फेकला जायचा, आपण त्याच्याबरोबर. शेवटच्या चढावर वर बसलेली गिधाडं आपल्याला घाबरवायची. आता खलनायकच नाही. चित्रपटातला डॉक्टर फॅसिलिए इथं कुठं दिसत नाही. आपण पडतो ते पुन्हा मोठं व्हायला. पडायला मजा येते, पण पोटात गोळा येतो तो उंचीमुळे, गोष्टीमुळे नाही.

कॅलिफोर्नियात लॉगमध्ये, म्हणजे ओंडक्यासारख्या बोटीत, एकामागे एक बसतात. पुढच्या जागेवर बसाल तर चिंब भिजाल, तेव्हा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मोजे पायात ठेवू नका. ऑक्टोबरमध्ये दुपारी ऊन असलं तरी संध्याकाळी चांगलाच गारवा पडतो. म्हणून भिजायचं असेल तर दुपारी जा, कोरडं राहायचं असेल तर कुणाला तरी पुढं बसवा. अंधारात मात्र रानातले दिवे फार छान दिसतात, त्यामुळे हौशी लोक रात्री परत येतात. किमान उंची 40 इंच, म्हणजे साधारण 102 सेंटिमीटर. मूल त्याहून लहान असेल तर आळीपाळीनं बसण्याची सोय आहे. रांगेच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला रायडर स्विच हवंय एवढं सांगायचं.

याच बायू कंट्रीतल्या विनी द पू या गोष्टीतल्या अस्वलाच्या राइडमध्येही डोकावून या. 2003 साली ती अस्वलांच्या संगीतसभेच्या जागी आली. हेफालंप नावाच्या हत्तीसारख्या प्राण्यांच्या खोलीतून बाहेर पडताना मागं वळून वर बघा: त्या जुन्या कार्यक्रमातली भिंतीवरची तीन मुंडकी अजून तिथं टांगलेली आहेत. पुढं बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत.

शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमध्ये याच वादाचं आणखी एक उदाहरण उभं आहे. तिथला टॉवर ऑफ टेरर, म्हणजे झपाटलेल्या हॉटेलातली राइड, जानेवारी 2017 मध्ये बंद झाला आणि मे महिन्यात त्याच इमारतीत गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी या अंतराळपटावरची राइड उघडली. जुन्या हॉटेलवर नळ्या आणि रंग चढले. परग्रहावरचा हा किल्ला बरीच वर्षं जुन्या हॉलिवूडच्या रस्त्यालगत एकटाच उभा होता. 2021 मध्ये पायथ्याशी अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस आल्यावर त्याला सोबत मिळाली. जवळ गेलात तर आता सगळं ठीक वाटतं. पण ब्यूना व्हिस्टा स्ट्रीटवर, म्हणजे 1920 च्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या नकलेत, उभं राहून मान वर करा. कौलांवरून तो डोकावतोच. फ्लोरिडातला टॉवर ऑफ टेरर बांधताना याच्या नेमकं उलट केलं होतं: एपकॉट या देशोदेशींची दालनं असलेल्या पार्कमधून त्याची पाठ मोरोक्कोच्या दालनामागे दिसते, म्हणून ती बाजू मोरोक्कन इमारतीसारखी घडवली. लांबून कुठून काय दिसेल याचा इतका विचार कुणीतरी एकेकाळी केला होता, हे लक्षात ठेवून फ्लोरिडाकडे चला.

मॅजिक किंगडममध्ये टियाना आहे फ्रंटियरलँडमध्ये, म्हणजे काउबॉयच्या पश्चिम अमेरिकेत, आणि इथंच गाडी अडते. लिबर्टी स्क्वेअरकडून आलात तर तुमच्या पायाखालून अमेरिका पश्चिमेकडे सरकत जाते: आधी वसाहतकाळातली विटांची घरं, मग लाकडी फळ्यांचा रस्ता, काउबॉयच्या वळणाच्या पाट्या, आणि टोकाला बिग थंडर या रोलर कोस्टरचे वाळवंटातले तांबडे सुळके. या ओळीत एकदम हिरवंगार लुइझियाना. वर मुकुट घातलेली टियानाज फूड्सची पाण्याची टाकी. भाड्याच्या घरावर नवी पाटी लावावी तसं ते दिसतं.

लुइझियाना तर सपाट, तिथं डोंगर कुठला, या प्रश्नावर डिस्नेचं उत्तर तयार आहे: हा मिठाचा घुमट, म्हणजे जमिनीखालच्या मिठानं वर उचललेला उंचवटा आहे, आणि जुन्या मिठाच्या खाणीवर टियानानं सहकारी तत्त्वावर शेती आणि खाद्यपदार्थांचा व्यवसाय उभारलाय. भूगोल खोटा नाही. लुइझियानात टबॅस्को सॉस बनतो ते एव्हरी आयलंड अशाच मिठाच्या घुमटावर आहे आणि आजूबाजूच्या दलदलीतून ते सुमारे 50 मीटर वर आलंय. पण हे कळतं रांगेतले फलक आणि कागदपत्रं वाचून. बाहेर उभ्या माणसाला तो आपला जुनाच डोंगर, हिरवा झालेला. फलक वाचल्यावरच पटणारी जागा डोळ्यांना पटलेली नसते, असं मी म्हणालो.

भाची खवळलीच. “मग ससा तरी कुठं शोभत होता? जॉर्जिया काय फ्रंटियर आहे? तीस वर्षं कुणी काही बोललं नाही, टियाना आल्यावर मात्र सगळ्यांना भूगोल आठवला!”

तिचं म्हणणं खरंय, आणि हा भूगोल सगळ्यांना अचानक का आठवला याची काही कारणं मुळीच भूगोलाची नाहीत, हेही खरंय. तरी ससा बसत नव्हता म्हणून टियाना बसते असं होत नाही. जुनी राइड निदान लाल मातीची आणि वाळक्या बुंध्याची होती, शेजारच्या तांबड्या सुळक्यांशी रंगानं तरी जुळायची. डोळा आधी रंग बघतो, नकाशा मागून.

मग भाचीनं जे केलं त्यानं माझं मत अर्धं फिरलं. ती आम्हाला मागं अ‍ॅडव्हेंचरलँडमध्ये घेऊन गेली, पायरेट्सपर्यंत. इथल्या पायरेट्समध्ये बायू नाही, सुरुवात स्पॅनिश किल्ल्यातून होते आणि बाहेरचा चौक कॅरिबियन बंदरासारखा आहे. त्या चौकातून पुढं चालत आलात की थेट टियानासमोर निघता. पिवळसर भिंती, कौलं, ताड, आणि त्यानंतर दलदलीतलं रान. कॅरिबियन बंदरातून मेक्सिकोच्या आखातावरच्या किनाऱ्याला यावं इतकं ते सरळ वाटतं. न्यू ऑर्लिन्सचं स्पेनशी आणि कॅरिबियनशी नातं जुनंच आहे. तोच डोंगर, पण या बाजूनं उपरा वाटत नाही. तेव्हा फ्लोरिडात जाणाऱ्यांनी हीच वाट धरावी. आगगाडीनं फ्रंटियरलँड स्टेशनवर उतरलात तर टियाना जवळच आहे, पण मग हा परिणाम मिळत नाही.

मात्र फ्लोरिडातला खरा घोटाळा आता सुरू झालाय. 6 जुलै 2025 हा तिथल्या नदीचा, मोठ्या बोटीचा आणि टॉम सॉयर बेटाचा शेवटचा दिवस होता. त्या जागी ‘कार्स’ चित्रपटातल्या गाड्यांचा डोंगराळ प्रदेश येतोय. आम्ही गेलो तेव्हा नदीच्या जागी बांधकामाच्या भिंती होत्या, बिग थंडरही दुरुस्तीसाठी बंद. बायूच्या कथेला शेजारी शोभेल अशी एकच गोष्ट तिथं होती, ती म्हणजे पाणी, आणि नेमकं तेच काढलं. एपकॉटमध्ये नॉर्वेच्या दालनातली मेलस्ट्रॉम 2014 मध्ये बंद करून 2016 मध्ये तिथं ‘फ्रोझन’ आणली, तेव्हा ओरड झाली की काल्पनिक राज्य खऱ्या देशात कशाला. पण तिथं निदान लाकडी चर्च आणि नॉर्वेची घरं भोवती शाबूत राहिली. फ्रंटियरलँडमध्ये उद्या एका बाजूला वाळवंट, एका बाजूला बर्फाळ डोंगरातल्या गाड्या आणि मधोमध मार्डी ग्रा. भाची म्हणते की अ‍ॅव्हेंजर्सप्रमाणे भोवताल मागून जुळेल. मला वाटतं इथं भोवताल उलट्या दिशेनं चाललाय. यावर आमचं विमानातही एकमत झालं नाही.

फ्लोरिडात लॉगमध्ये दोघं दोघं शेजारी बसतात, त्यामुळे लहान मुलाला बिलगून बसता येतं. या एका बाबतीत फ्लोरिडा सरस. दुपारचं ऊन असह्य असतं, सगळं पार्क तेव्हा पाण्याच्या राइडकडे लोटतं. एकतर पार्क उघडताच जा किंवा लाइटनिंग लेनमध्ये, म्हणजे जादा पैसे देऊन वेळ राखायच्या रांगेत, टियानाचा वेळ आधी पकडा. वळवाच्या पावसात विजा चमकल्या की बाहेरचा भाग असलेल्या राइड थांबवतात, म्हणून दुपारनंतरच्या वेळेवर विसंबू नका.

दोन्हीपैकी एकच जमणार असेल आणि तुम्हाला जागा जुळण्याची पर्वा असेल, तर कॅलिफोर्निया निवडा. फ्लोरिडाचं तिकीट आधीच काढलं असेल तर पायरेट्सच्या चौकातून या, राइड करा, आणि परतही त्याच वाटेनं जा.