आधी बाण, मग बेरीज

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असं पत्र आलं. प्रयोगशाळेतल्या कप्पीवर लिहायचं, हे ते वाचतानाच ठरलं. स्नेहसंमेलनं आणि सहलींवर बाकीची मंडळी लिहितीलच.

आमचे विज्ञानाचे सर सूत्राकडे लगेच वळत नसत. स्टँडला एक हलकी कप्पी, तिच्यावरून दोरा, दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं. सर एका वजनाला बोटानं अलगद खाली ढकलत आणि सोडून देत. ते संथपणे खाली जाई, दुसरं तितक्याच संथपणे वर येई. मग प्रश्न यायचा, "आता हे कोणत्या बलामुळे चाललंय?" वर्ग एकसुरात म्हणे, तुमच्या बोटाच्या! सर बोट वर करून दाखवत, "ते तर इथं आहे."

दोन्हीकडचं वजन सारखं, म्हणजे निव्वळ बल शून्य. बल शून्य म्हणून वेगातला बदल शून्य. वेग शून्य नव्हे. (कप्पीचं घर्षण थोडी लबाडी करतं, हे सर आधीच सांगून टाकत.) या एका वाक्यावर ते अख्खा तास घालवत. तेव्हा ते चर्‍हाट वाटे. आज वाटतं, तास कमीच पडला.

मग १० ग्रॅम एकीकडून काढून दुसरीकडे. आता ५१० आणि ४९०. ओढणारं बल फक्त २० ग्रॅमच्या फरकाचं, सुमारे ०.१९६ न्यूटन, पण त्याला हलवायचा असतो पूर्ण एक किलो. त्वरण निघतं ०.१९६ मीटर प्रति सेकंद वर्ग. मोकळं सोडलेलं वजन अर्ध्या सेकंदाच्या आत एक मीटर पडतं. इथे तेवढ्याच अंतराला तीन सेकंदांहून जास्त लागतात, आणि साध्या स्टॉपवॉचवर ते मोजता येतं. जॉर्ज ॲटवुड या इंग्रज शास्त्रज्ञानं १७८४ साली प्रसिद्ध केलेल्या मांडणीतलं मर्म हेच. सरांचा दंडक ठरलेला होता: आधी सगळ्या बलांचे बाण, मग दिशा पाहून बेरीज, आणि शेवटी वस्तुमानानं भागाकार. बाण न काढता थेट आकडे मांडणाऱ्याची वही परत येई.

पुढे मी लिफ्टच्या देखभालीच्या कामात शिरलो आणि पाहतो तो काय, तीच कप्पी! एका बाजूला केबिन, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारं वजन. ते असतं रिकाम्या केबिनचं वजन अधिक लिफ्टच्या क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के. मोटरला सगळं ओझं उचलावं लागत नाही, फरक तेवढा सांभाळायचा. वेग घेताना मात्र दोन्हीकडच्या वस्तुमानाला ढकलावं लागतं.

कामावर नवीन आलेल्या मुलांना मी विचारतो, "केबिन रिकामी असताना ब्रेक सुटला तर ती कुठं जाईल?" उत्तर बहुतेक वेळा "खाली" असं येतं. मी कागद पुढे सरकवतो. समजा केबिन १००० किलो, क्षमता ६०० किलो, काउंटरवेट १३०० किलो. काउंटरवेटचा बाण लांब निघतो. ३०० किलोचा फरक, हलणारं वस्तुमान २३०० किलो. घर्षण आणि दोराचं वजन सोडलं तर रिकामी केबिन वर निघते, आणि दर सेकंदाला तिच्या वेगात सुमारे १.३ मीटर प्रति सेकंदाची भर पडते. म्हणूनच केबिन वर जाताना वेग हाताबाहेर गेला, तर तो रोखायचीही वेगळी सोय करावी लागते.