तळ्याची कड राखताना: माझा अनुभव

कोल्हापूरच्या माणसाला संध्याकाळी पाण्याकाठी बसण्याची सवय रंकाळा तलावाने लावली आहे. चौपाटीवरची भेळ, काठावरचा शालिनी पॅलेस आणि पाणी उतरले की उघडा पडणारा संध्यामठ हे सारे मी लहानपणापासून पाहत आले. त्याच रंकाळ्यात नाल्यांचे सांडपाणी मिसळून पाणी हिरवे पडलेले आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलेलेही पाहिले. त्यामुळे आमच्या उपनगरातील लहान तळ्याचे सुशोभीकरण होणार असे कानावर आले, तेव्हा आनंदाइतकीच धास्तीही वाटली.

नकाशा पाहिल्याखेरीज तोंड उघडायचे नाही, असे आम्ही शेजाऱ्यांनी ठरवले. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. 30 दिवसांची मुदत उलटूनही उत्तर आले नाही, म्हणून 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील केले आणि त्यानंतर नकाशा हाती पडला. तळ्याभोवती सलग दगडी भिंत, तिला लागून काँक्रीटची वाट आणि उंच दिवे असा तो आराखडा होता. तळ्यात येणाऱ्या नाल्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

काम बंदच पाडावे, असे काहींचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. आमच्या गल्लीतल्या आजी मला म्हणाल्या होत्या, "पोरी, चिखलात पाय सरकला तर मला कोण गं उचलणार?" वाट हवीच होती, ती कुठून न्यायची, एवढाच प्रश्न होता.

त्यासाठी मे महिन्यात पाणी सर्वांत खाली असताना आम्ही काठावर खुंट्या ठोकल्या आणि ऑगस्टमध्ये पाणी चढल्यावर पुन्हा ठोकल्या. पूर्वेला दोन्ही खुंट्यांत जेमतेम तीन पावले भरली, पश्चिमेच्या सपाट उतारावर मात्र सव्वीस! तळ्याची कड म्हणजे रेघ नसून पट्टा असतो, हे मला तिथे उभे राहून उमगले. त्याच पट्ट्यात पाणकणीस आणि लव्हाळा वाढतो, वाहून येणारा गाळ त्यांच्या मुळांशी अडतो आणि टिबुकली हा छोटा पाणपक्षी आपले तरंगते घरटे त्याच झाडोऱ्याला अडकवते. भिंत बांधली असती तर हे सारे एका उन्हाळ्यात संपले असते.

आराखड्यावरच्या सुनावणीला आम्ही त्याच नकाशावर खुंट्यांच्या दोन्ही रेघा रंगवून नेल्या आणि पूर्वेला वाट पाण्याजवळून जाऊ द्यावी, पश्चिमेला ती वरच्या खुंटीच्या मागे घ्यावी व तिथले दिवे बुटके, खाली तोंड केलेले असावेत, असे लेखी मागितले. विरोध न करता पर्याय दिल्यामुळे असेल, पण अधिकाऱ्यांनी स्थळ पाहणी मान्य केली. पश्चिमेची भिंत रद्द झाली. दिव्यांबाबत मात्र आमचे ऐकले गेले नाही, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते.

नाला आजही तळ्यातच येतो. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद मिळत राहील तोवर केंदाळ कितीही काढले तरी पुन्हा माजणार, म्हणून तो भुयारी गटाराला जोडावा असा दुसरा अर्ज आम्ही दिला आहे. दर पंधरवड्याला त्याच खुंट्यांपाशी जाऊन पाण्याचा रंग, वास आणि केंदाळाचा पसारा आम्ही वहीत नोंदवतो. पुढच्या सुनावणीला ती वही बरोबर न्यायची आहे.