फायबरची होडी, तिचे डोलणे आणि वाळूच्या गोण्या

लाकडी होडी सोडून फायबरची होडी घेणाऱ्या मच्छीमाराची पहिली तक्रार बहुधा एकच असते: ही होडी फार डोलते. त्यावर किनाऱ्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे तळाशी वाळूच्या दोन-चार गोण्या टाकणे. हा उपाय मुळातच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण डोलण्याचा अर्थ समजून न घेता तो करणे मला धोक्याचे वाटते.

होडी कलली की पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो. त्या जोराची उभी रेषा होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी १७४६ साली ही कल्पना मांडली. गुरुत्वमध्य या बिंदूच्या जितका खाली, तितक्या जोराने होडी सरळ होते आणि तितक्याच झटक्याने डोलते. म्हणजे भराभर डोलणारी होडी अंगाला त्रास देते, पण सुरुवातीच्या कलाला ती चांगली ताठ असते. संथपणे कलून, क्षणभर रेंगाळून परत येणारी होडी आरामाची वाटते, आणि काळजी खरे तर तिचीच करायला हवी.

शांत पाण्यात दोर सैल सोडून, होडी हलवून, एका बाजूला कलून पुन्हा त्याच बाजूला येईपर्यंतचा वेळ मोजावा. दीड मीटर रुंदीच्या होडीला २ सेकंद लागले, तर गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांतले अंतर ढोबळमानाने ३६ सेंटिमीटर निघते. ४ सेकंद लागले, तर ते जेमतेम ९ सेंटिमीटर उरते. ओल्या जाळ्यांचा ढीग फळीवर रचला आणि दोन माणसे जाळे ओढायला एकाच बाजूला उभी राहिली की ही ९ सेंटिमीटरची शिल्लक संपायला वेळ लागत नाही.

रुंदीचा परिणाम वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो. लांबी आणि एकूण वजन तेवढेच ठेवून पाण्यालगतची रुंदी १.२ मीटरवरून १.५ मीटर केली, तर मेटासेंटर वर नेणारा घटक जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. कोकणातल्या अरुंद होड्यांना बाजूला बांधली जाणारी उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांवर धरलेला तरंगता ओंडका, हेच काम करते, आणि तेही होडीत किलोभर वजन न भरता. म्हणूनच मी तिला गोण्यांपेक्षा कितीतरी शहाणा उपाय मानतो.

तरीही वजन घालायचेच असेल, तर ते अगदी तळाशी, मध्यरेषेवर आणि हलणार नाही असे बांधून घालावे. मागे इंजिन आणि पेट्रोलची टाकी असल्याने होडी आधीच मागे दबलेली असते, त्यामुळे भार थोडा नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, ठेवावा. पण फार पुढे नेला तर नाळ लाटेत घुसते. सुटी गोणी मोठ्या कलाला घसरते आणि नेमकी बुडणाऱ्या बाजूला जाऊन बसते. काही जण बॅलास्ट, म्हणजे होडी स्थिर ठेवणारा भार, म्हणून आत आलेले पाणीच राहू देतात, त्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. सहा मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद सपाट तळावर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे पावणेचारशे किलोंच्या आसपास वजन, आणि ते सगळे कललेल्या बाजूला धावते. मध्यरेषेवर होडीच्या लांबीच्या दिशेने उभी भिंत घालून त्याचे डावा-उजवा असे दोन भाग केले, तर हा दुष्परिणाम चौथाईवर येतो. पाणी उपसून टाकले, तर तो उरतच नाही.

शेवटचा मुद्दा बुडण्याचा. लाकडी होडी पाण्याने भरली तरी तिचे लाकूड तरंगते. फायबरचा थर मात्र पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो, म्हणून फोम किंवा हवाबंद कप्पे नसतील तर होडी थेट तळ गाठते, आणि आत बांधलेली प्रत्येक गोणी तिला आणखी ओढते. त्यामुळे जितका भार वाढवाल, तितका पाण्यातही वर उचलू शकणारा फोम वाढवा, आणि तो तळाशी नव्हे तर दोन्ही बाजूंना काठाजवळ बसवा. तळाशी बसवलेला फोम भरलेल्या होडीला उलटी करू पाहतो, काठाजवळचा तिला सरळ धरतो, आणि सरळ राहिलेल्या होडीला धरून माणसांना मदतीची वाट पाहता येते.