केशरी बलकाची भुरळ

परसातल्या कोंबडीचं अंडं फोडलं, की बघणारा हमखास म्हणतो, "बलक बघा कसा केशरी! दुकानातल्या अंड्यात ही ताकद कुठली?" ताकदीचं नंतर बघू, रंगाचं आधी सांगते. पालापाचोळा, गवत, पिवळा मका यांत ल्युटिन, झिॲझँथिन अशी रंगद्रव्यं असतात. कोंबडीला ती अंगात तयार करता येत नाहीत. पोटात जातील तशी बलकात उतरतात. हे मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना आपल्याआधी कळलं. खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला की पिंजऱ्यात जन्म काढलेली कोंबडीही हवा तसा केशरी बलक देते. टरफल तपकिरी की पांढरं, हे तर कोंबडीच्या जातीवर. त्यावरून आतलं काही कळत नाही.

खरा फरक आहे तो ताजेपणाचा. आजचं अंडं तव्यावर फोडलं तर पांढरा भाग बलकाला धरून उंच बसतो आणि जरा ढगाळ दिसतो. ढगाळ म्हणजे नासका नव्हे. आतला कार्बन डायऑक्साइड अजून बाहेर पडलेला नसतो. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. दिवस जातील तसा त्यांतून वायू आणि ओल निघून जाते, पांढरा पातळ होतो, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. म्हणून तर जुनं अंडं पाण्यात उभं राहतं, फार जुनं तरंगतं. उकडायला मात्र ताजं अंडं घेऊ नये. टरफलाबरोबर निम्मा पांढरा सोलून येतो. तिथे दुकानातलं, आठवडाभर पडून राहिलेलंच बरं.

चवीचं म्हणाल, तर डोळ्यांवर पट्टी बांधून परसातलं अंडं ओळखून दाखवीन, अशी पैज मी लावणार नाही. रोज दाणे टाकणाऱ्या माणसाची जीभ निःपक्षपाती नसते.

'घरचं म्हणजे शुद्ध' हेही जपूनच म्हणावं. कोंबडी दिवसभर माती उकरते. त्या मातीत जुन्या रंगाच्या पोपड्यांमधलं शिसं असेल तर ते अंड्यापर्यंत पोचतं. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतूही खुराडं कोणाचं आहे ते विचारत नाही. एक मात्र करता येतं: अंडं स्वच्छ असेल तर लगेच धुवायचं नाही. त्याच्यावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, तो छिद्रं झाकून ठेवतो.

मला परसातली अंडी आवडतात ती वेगळ्याच कारणासाठी: दोन अंडी एकसारखी नसतात. दुकानात वजनावर निवडून ट्रे भरतात, त्यामुळे लहरी अंडी तिथवर पोचतच नाहीत. इथे नवी तलंग, म्हणजे नुकतीच अंड्यावर आलेली तरुण कोंबडी, सुरुवातीला चिमुकली अंडी घालते, मधेच एखादं दोन बलकांचं. कॅल्शियम कमी पडलं तर टरफलाऐवजी नुसता पापुद्रा. मग शिंपल्यांचा चुरा द्यायचा. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो, म्हणून कोंबडी रोज जरा उशिरा घालते आणि संध्याकाळ जवळ आली की एक दिवस दांडी मारते. पोल्ट्रीत सोळा तास दिवे लावून वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी काढतात. परसात दिवस लहान झाला की बाई आवरतं घेतात, पिसं गाळायला बसतात. कधी एखादी खुडूक होते, म्हणजे उबवायला ठाण मांडून बसते, आणि हात घातला की टोचते.

मग काय, खुराड्यात रोजच्यासारखं खाद्य टाकायचं, पाणी बदलायचं, आणि अंडी आणायला पिशवी घेऊन दुकानात जायचं. तिथे ट्रे उघडून बलक केशरी असेल का, याचा मी अजूनही अंदाज घेत बसते.