'बीडीएल' म्हणजे शून्य नव्हे: पाण्यातलं थोडंसं आर्सेनिक आणि हृदय

पाण्याच्या तपासणीचा अहवाल आला की आर्सेनिकच्या ओळीत बऱ्याचदा 'बीडीएल' लिहिलेलं असतं. यंत्राला पकडता येतं त्याहून कमी, एवढाच त्याचा अर्थ. वाचणारा 'शून्य' समजतो आणि कागद फायलीत जातो. यंत्राची मोजमर्यादाही अहवालात कुठेतरी दिलेली असते, ती कोणी बघत नाही. ती 0.01 मिलिग्रॅम प्रतिलिटर असेल, तर त्या कागदाने फक्त 'लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या आत' एवढं सांगितलं. 1 की 9, हे कळलंच नाही. हृदयाच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र त्या 1 आणि 9 मधल्या फरकाचा आहे.

हा 10 चा आकडा 'इथपर्यंत काही होत नाही' अशा अर्थाने आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्ये तो तात्पुरता म्हणून दिला. एवढं आर्सेनिक नेमकं मोजणं आणि पाण्यातून काढणं व्यवहारात कितपत जमेल, याचा विचार त्यात होता. अमेरिकेत जानेवारी 2006 पर्यंत 50 चालत होतं. न्यू जर्सीने स्वतःपुरती मर्यादा 5 वर आणली. आपल्या आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही आज 10 च आहे.

आर्सेनिक म्हटलं की तळहातावरच्या खरखरीत गाठी, काळे-पांढरे डाग आणि कर्करोग डोळ्यांपुढे येतात. हृदय मागे राहतं. चिलीतल्या अँटोफगास्टा शहराला 1958 पासून नव्या नद्यांचं पाणी मिळू लागलं, त्यात लिटरला 800 च्या वर आर्सेनिक होतं. 1970 मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. त्या काळातले जादा मृत्यू आधी हृदयविकाराच्या झटक्याचे होते. पाणी सुधारल्यावर ते लवकर उतरले, फुप्फुसाच्या कर्करोगाचे मात्र पुढे कित्येक वर्षं चढेच राहिले. माझ्या मते यातली आशेची बाजू हीच: हृदयाचा धोका पाणी बदललं की तुलनेने लवकर उतरणीला लागतो.

पण ते 800 होतं. कमी प्रमाणाचं काय? अमेरिकेत ॲरिझोना, ओक्लाहोमा आणि डकोटातल्या आदिवासी समाजांत 1989 पासून 'स्ट्राँग हार्ट' अभ्यास चालू आहे. लघवीतल्या आर्सेनिकनुसार लोकांचे चार गट केले, तेव्हा सर्वांत वरच्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका खालच्या गटाच्या 1.65 पट निघाला. वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल वगैरे हिशेबात धरूनही. त्याच समाजांतल्या, सरासरी तिशीच्या तरुणांच्या टू-डी इकोमध्ये लघवीतलं आर्सेनिक जास्त तिथे डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची, भिंत जाड असण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. रक्तदाब आधीच चढता असलेल्यांत हा संबंध आणखी ठळक होता. कॅलिफोर्नियात सुमारे 98 हजार स्त्रियांचा हिशेब 2024 मध्ये आला. नळाच्या पाण्यात दहा वर्षांची सरासरी 10 किंवा वर असलेल्यांत हृदयधमन्यांच्या आजाराचा धोका 42 टक्क्यांनी जास्त होता, आणि 5 ते 10 च्या दरम्यान, म्हणजे कायद्याच्या आत असूनही, सुमारे 20 टक्क्यांनी.

हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. लोकांना मुद्दाम आर्सेनिक पाजून कोणी बघणार नाही. पण वेगवेगळे लोक, वेगवेगळं पाणी आणि कल एकाच दिशेचा, हे झटकून टाकता येत नाही. शिवाय कारणही समजतं. आर्सेनिकमुळे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड घटतं आणि अस्तराला सूज येऊन चरबीचा थर धरायला जागा मिळते. बांगलादेशातल्या अरायहजारमध्ये आणखी एक गोष्ट दिसली: सिगारेट आणि आर्सेनिक एकत्र आले की धोका दोहोंच्या बेरजेपेक्षा जास्त. विहीर बदलेपर्यंत निदान विडी-सिगारेट तरी सोडावी.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात, दख्खनच्या काळ्या पाषाणात, बोअरच्या पाण्याची आधी फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी तपासणी करा. आर्सेनिकचा संशय घ्यायचा तो गडचिरोलीच्या पूर्व सीमेकडे, कारण पलीकडे छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागात कौडीकसासारख्या गावांत ते ज्ञात आहे. बलिया, भोजपूर आणि पश्चिम बंगालचा गंगाकाठ सर्वांना माहीतच आहे. अमेरिकेत न्यू जर्सी, न्यू हॅम्पशायर किंवा मेनमध्ये स्वतःची बोअर असलेलं घर घेतलेल्या मराठी मंडळींनी मात्र हे मनावर घ्यावं. खासगी विहिरीवर सरकारी देखरेख नसते. न्यू जर्सीत घर विकताना तपासणी सक्तीची आहे, पण ती त्या दिवसापुरती.

तपासणीला देताना मोजमर्यादा विचारा: 1 मायक्रोग्रॅम किंवा खाली हवी. त्यासाठी आयसीपी-एमएससारखं यंत्र लागतं. बाटली प्रयोगशाळेचीच घ्या, कारण आर्सेनिक लोहाबरोबर तळाशी बसू नये म्हणून तिच्यात आम्ल घालतात. फिल्टर असेल तर आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने द्या. कागद पिवळा होणारं किट 50 च्या वरची विहीर ओळखायला ठीक, 4 आणि 8 मधला फरक त्याच्याने होत नाही. टीडीएस मीटर तर इथे निव्वळ खेळणं: मीटर 300 दाखवत असेल, तर त्यात 10 मायक्रोग्रॅम म्हणजे 0.01.

उकळून उपयोग नाही. वाफ जाते, आर्सेनिक मागे राहतं आणि घट्ट होतं. यूव्ही आणि साधा कोळसाही निरुपयोगी. आरओ चालतो, पण आर्सेनिकच्या पाचसंयुजी, म्हणजे विद्युतभार असलेल्या रूपावर. खोल बोअरच्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते बहुधा त्रिसंयुजी असतं, त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून पडद्यातून बरंच निसटतं. त्यामुळे आधी क्लोरीन द्यावं लागतं, मग ते क्लोरीन काढायला कोळसा (नाहीतर पडदा खराब होतो), आणि शेवटी आरओ. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे असलेला फिल्टरही चांगला, फक्त दाणे भरले की चवीत वा रंगात काहीही न कळता आर्सेनिक पुढे जाऊ लागतं. दर सहा महिन्यांनी बाहेरचं पाणी तपासा. फिल्टर पिण्या-शिजवण्याच्या नळाला पुरे, कातडीतून ते नगण्य शिरतं.

पाणी स्वच्छ असेल तर उरतं ते तांदळातलं आर्सेनिक. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेला भात, कोकणात पूर्वी घरोघर व्हायचा तसा, इथे कुकरच्या भाताला मागे टाकतो: तांदळाच्या सहा ते दहा पट पाणी घेऊन वेळला तर असेंद्रिय, म्हणजे घातक रूपातलं, आर्सेनिक 40 ते 60 टक्के कमी होतं. ब जीवनसत्त्वंही वाहून जातात, आणि निघालेली पेज प्यायली तर सगळं मुसळ केरात. हातसडीच्या तांदळात कोंड्यामुळे आर्सेनिक जास्त असतं, बासमतीत सहसा कमी. पण शिजवायचं पाणीच दूषित असेल तर वेळून काही साधत नाही, भात ते शोषून घेतो.

शरीरातलं बघायचं असेल तर लघवीची तपासणी करा. रक्तातून ते काही तासांत नाहीसं होतं. आधी चार-पाच दिवस मासे, कोळंबी, खेकडे बंद. त्यांच्यात आर्सेनोबिटेन नावाचं निरुपद्रवी आर्सेनिक असतं आणि 'एकूण आर्सेनिक' मोजलं की आदल्या रात्रीच्या कालवणाने आकडा भलताच फुगतो. मासे सुटत नसतील तर प्रकारवार मोजणी मागा. आणि आकडा थोडा वर आला म्हणून कोणी चिलेशनचं (शरीरातून धातू ओढून काढणाऱ्या औषधाचं) सलाईन सुचवलं तर घेऊ नका. स्रोत बंद केला की लघवीतला आकडा काही दिवसांतच उतरू लागतो.