आमची वाटचाल : फ्रेमच्या दुकानातून शनिवारच्या रंगबैठकीपर्यंत

कोल्हापुरात, शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरच्या अलीकडच्या बोळात आमचं दुकान आहे. पाटीवर ‘फोटो फ्रेम व कलासाहित्य’ असं लिहिलंय आणि त्याखाली, अलीकडे रंगवून घेतलेली ओळ : ‘दर शनिवारी रंगबैठक’. म्हणजे कधी ब्रश न धरलेल्यांनी एकत्र बसून, चहा पीत एक चित्र रंगवायचं. ही खालची ओळ आमच्या पेठेत सगळ्यात आधी आमच्या पाटीवर आली. हे सुरुवातीलाच सांगते, कारण हल्ली एक शोरूम ते ‘कोल्हापुरात प्रथमच’ म्हणून स्वतःच्या नावावर खपवतंय.

दुकान १९७८ चं. माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि त्यांचे एक पेंटर मित्र अशी भागी होती. काका पाट्या आणि बॅनर रंगवायचे, अण्णा फ्रेमा करायचे. कोल्हापूर म्हणजे बाबूराव पेंटरांचं गाव. त्या माणसानं सिनेमा काढला, त्यासाठी कॅमेरा घरी जोडला आणि पोस्टरंही स्वतः रंगवली. इथं माणसं ‘पेंटर’ हे आडनावासारखं लावतात आणि त्यात त्यांना अभिमान वाटतो. आमचे काकाही लावायचे. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत त्यांचं काम बसलं. भागी सोडताना त्यांनी हिशेबाचा एक रुपया मागितला नाही. आपले सगळे ब्रश धुऊन, तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले आणि म्हणाले, “वयनी, असू द्यात. कुणी ना कुणी हातात घेईल.”

अण्णांचं हत्यार म्हणजे हिरकणी. काच कापायची. लाकडी मूठ, टोकाला हिऱ्याची कणी, बस्स. काच टेबलावर पसरायची, पट्टी लावायची आणि हिरकणी वरून खाली एकदाच ओढायची. बरोबर लागली तर कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येतो आणि काचेवर केसाएवढी रेघ उमटते. मग टेबलाच्या कडेवर हलकासा दाब दिला की काच सरळ दुभंगते. ओढलेल्या रेघेवर परत हिरकणी फिरवायची नाही. काच वाकडी जाते आणि कणीही बाद होते. नवीन पोरं हेच करतात. ज्यांना हा धंदा करायचाय त्यांनी हे लिहून ठेवा : एकदा ओढलेल्या रेघेवर विश्वास ठेवायचा.

अण्णा गेल्यावर ह्यांनी आणि मी दुकान चालवलं. लग्नसराईत फोटो, दसरा-दिवाळीला अंबाबाईच्या तसबिरी, जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या पोरांची रंगाची यादी. वर्षं गेली.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

पंचगंगेला पूर आम्हाला नवा नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ४० म्हटलं की आम्ही खालच्या फळीवरचा माल वर घेतो, ४३ ला माळ्यावर चढवतो. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्याचं पाणी मागं फुगून बोळात शिरलं ते रात्री. आम्ही माळ्यावर चढवलेला मालसुद्धा भिजला. हायवे बंद, लाइट बंद. पाणी उतरून शटर उघडायला मिळालं तेव्हा ते वरच जाईना, आत सगळं फुगून दाराला टेकलं होतं.

आतलं काय काय सांगू. हार्डबोर्ड पापडासारखा फुगलेला, माउंट बोर्डाचे, म्हणजे चित्राभोवती लावायच्या पुठ्ठ्याचे, थर सुटलेले. मोल्डिंगच्या, म्हणजे फ्रेमच्या, दहा-दहा फुटी पट्ट्या पिळवटून दोरासारख्या झालेल्या. दोन मिलिमीटरच्या काचांच्या थप्पीत गाळ शिरून वाळला होता. त्या काचा सुटेनात, सोडवायला गेलं की तुटायच्या. चार दिवस मी आणि ह्यांनी काचाच वेचल्या. ऑइलच्या ट्यूबा तेवढ्या धुऊन निघाल्या. वॉटरकलरच्या वड्या डब्यांत विरघळून सगळ्यांचा एकच मातकट रंग झाला होता.

पण माल आमचा होता, त्याचं एवढं नाही. फ्रेम करायला लोकांनी दिलेल्या चीजा होत्या. कुणाच्या आजीचा हातानं रंग भरलेला जुना फोटो, कुणाच्या मुलाचं पहिलं बक्षीस. एकूण एकोणचाळीस. त्या सगळ्यांना मी स्वतः फोन केले. काहीजण रडले. काही चिडले, ते बरोबरच होतं. विमा होता आमचा. पण स्टॉकचं रजिस्टर भिजून लगदा झालेलं, आणि विमा कंपनीनं ते रजिस्टरच पुरावा म्हणून मागितलं. वर्षभर चकरा मारून हातात आलं ते आम्ही काचवाल्याचं देणं दिलं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. हे मी अजून विसरलेले नाही.

त्या एकोणचाळिसांत एक चित्र आमच्या सरांचं होतं. सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, अण्णांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक. वर्षातून चार-पाच फ्रेमा, रंगाची खरेदी कायम आमच्याकडं. ऑर्डर बुकात पान होतं : पंचगंगा घाट, वॉटरकलर, हाफ इम्पिरियल, १५ बाय २२ इंच, क्रीम माउंट, सागाची पातळ पट्टी, अडीचशे ॲडव्हान्स. सर आले तेव्हा मी चिखलानं भरलेल्या फरशीवर बसले होते. कागदाचा तो गोळा मी त्यांच्यापुढं धरला, बोलायला शब्द नव्हते. त्यांनी तो उलगडून बघितला, परत हळूच मिटला. मग खिशातून पाकीट काढलं, बिलाची राहिलेली रक्कम गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाले, “फ्रेम तयार ठेवा. चित्र मी दुसरं देतो.” मी पैसे परत करायला उठले तोवर ते बोळाच्या तोंडाशी पोचले होते.

सावरतोय तोवर २०२० चं लॉकडाऊन, आणि २०२१ च्या जुलैत परत पूर. दुसऱ्यांदा आम्ही शहाणे झालो होतो, माल आधीच उंचावरच्या भाड्याच्या खोलीत हलवला. पण गिऱ्हाईक तुटलं ते तुटलं.

ते का तुटलं तेही सांगते. आमच्याकडं अकरा वर्षं काम केलेला एक मुलगा होता. हिरकणी कशी धरायची ते अण्णांनी त्याचा हात धरून शिकवलं होतं. २०१८ मध्ये तो वेगळा झाला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, प्रत्येकानं पुढं जावं. जाताना त्यानं आठवण म्हणून अण्णांची हिरकणी मागितली. मी दिली नाही, आणि त्याचा राग त्यानं धरला. उंच भागात मोठं शोरूम टाकलं, तयार सिंथेटिक फ्रेमा मागवल्या. तेही ठीक. पण पूर ओसरल्यावर आम्ही काचा वेचत असताना आमच्या गिऱ्हाइकांना ‘त्यांनी दुकान बंद केलं’ असं त्यानं सांगितलं. दोन माणसांनी मला तोंडावर येऊन सांगितलं, “आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलं.” पाण्यानं नेलं ते नेलं. हे मात्र माणसानं नेलं.

२०२२ च्या डिसेंबरात मी पुण्याला लेकीकडं गेले होते. मन कशात लागत नव्हतं. ती म्हणाली, “आई, शनिवारी माझ्याबरोबर चल, पेंट अँड सिप आहे.” मला वाटलं प्रदर्शन असेल. एका कॅफेचा वरचा मजला होता. लांब टेबलं, प्रत्येकापुढं चित्र टेकवायचा छोटा टेबल-ईझल, त्यावर १२ बाय १६ चा कोरा कॅनव्हास, कागदी ताटलीत पाच रंगांचे थेंब, तीन ब्रश, गळ्यात एप्रन. बाजूला प्यायचे ग्लास. बऱ्याच जणांनी वाइन घेतली. त्या कॅफेला परवाना होता. मी लिंबू सोडा घेतला. शिकवणारी मुलगी पुढं उभी राहून तेच चित्र एकेक टप्प्यानं करते आणि आपण तिच्यामागून करायचं. अडीच तासांत चित्र घरी न्यायचं.

मी त्या ब्रशांकडं बघत बसले. दहा नंबरचा चपटा फ्लॅट, सहाचा गोल राउंड, बारीक रेघेसाठी दोनचा लायनर. हे ब्रश मी हजारोंनी विकले होते. कुठला कशाला लागतो ते झोपेत सांगेन. पण पन्नाशी ओलांडली तरी एकदाही ब्रश रंगात बुडवून कॅनव्हासवर टेकवला नव्हता. शाळेत बाईंनी माझा कागद वर्गाला दाखवून ‘हिचा हात नाही’ म्हटलं होतं, तेव्हापासून नाही. कोरा कॅनव्हास समोर होता आणि माझा हात खरोखर थरथरत होता. शेजारचा एक मुलगा, कंपनीतल्या लोकांबरोबर आला होता, म्हणाला, “काकू, मलापण येत नाही, सुरुवात करू या.”

पहिली आकाशाची रेघ मी घाबरत लहान ब्रशनं काढली. शिकवणारी मुलगी मागं आली, हातातला ब्रश काढून घेऊन दहाचा फ्लॅट दिला. “आजी-काकूंनी नेहमी मोठ्या ब्रशनं सुरू करायचं.” वरती निळा गडद, खाली येईल तसा पांढरा मिसळत जायचा, ब्रश आडवा, हात खांद्यापासून सैल. तीन फेऱ्यांत आकाश झालं. माझ्या हातून झालं. मी लेकीकडं बघितलं तर ती रडत होती, मग मीही.

सुरुवात करणाऱ्यांना चार गोष्टी सांगते, कुणी विचारल्या नसल्या तरी. ॲक्रिलिक लवकर वाळतं म्हणूनच अशा संध्याकाळी ते वापरतात. पण तेवढ्याच लवकर ते ब्रशच्या मुळात वाळून ब्रश मारतं, म्हणून ब्रश हातात नसेल तेव्हा पाण्यात आडवा ठेवा, केसांवर उभा नको. काळा रंग ट्यूबमधून घेऊ नका. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळा, त्या काळ्याला जीव असतो. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा लावू नका, नाहीतर चिखल होतो, आणि चिखल काय असतो ते मला विचारा. शेजाऱ्याच्या कॅनव्हासकडं पहिला तासभर बघायचंच नाही.

मध्यंतरात त्या मुलीनं सांगितलं की अमेरिकेत लुइझियानात २००५ मध्ये कतरिना वादळाचा पूर आला. त्यानंतर, २००७ मध्ये, तिथल्या दोन मैत्रिणींनी लोकांना जरा विसावा मिळावा म्हणून अशा संध्याकाळी सुरू केल्या आणि त्याची पुढं मोठी कंपनी झाली. पूर म्हटल्यावर माझे कान टवकारले. परतीच्या एसटीत मी सरांना फोन लावला.

२०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या माळ्यावर पहिली रंगबैठक झाली. सात जण. शिकवायला सर. काकांचे गुंडाळून ठेवलेले ब्रश दोन्ही पुरांत माळ्याच्या वरच्या कप्प्यात होते म्हणून वाचले. त्यातले बारा मी त्या दिवशी कागद सोडून टेबलावर मांडले. वाइनच्या परवान्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही आणि आमच्या गिऱ्हाइकांना ते हवंही नव्हतं. आमच्याकडं चहा, सोलकढी, आणि उन्हाळ्यात कोपऱ्यावरचं दूध कोल्ड्रिंक. भडंग आधी टेबलावर ठेवायचो, तेलकट बोटं कॅनव्हासला लागून त्यावर रंग धरेना. आता भडंग फक्त आकाश वाळत असताना, खिडकीपाशी, आणि मग हात धुवायचे. पहिल्याच दिवशी एका वहिनींनी ब्रश सोलकढीत बुडवला. तेव्हापासून प्यायला स्टीलचा पेला आणि रंगाच्या पाण्याला पत्र्याचा डबा.

पहिलं चित्र सरांनी ठरवलं : संध्याकाळचा रंकाळा आणि त्यात संध्यामठ. चित्रकार आबालाल रहिमान यांनी ज्या रंकाळ्याच्या काठावर बसून रंगवलं तोच आपला रंकाळा, दुसरीकडचं ताडाचं झाड कशाला हवं, असं ते म्हणाले. पाण्यातली सावली आधी उभ्या फटकाऱ्यांनी ओढायची, मग ब्रश नुसता ओला करून त्यावरून एक-दोनदाच आडवा फिरवायचा. तिसऱ्यांदा फिरवला की पाणी मरतं. सर हे सांगत होते तेव्हा मला अण्णांची हिरकणी आठवली.

कोण येतं? मेडिकलमधली मुलगी, गूळ मार्केटचे एक दलाल, निवृत्त कंडक्टर, नणंद-भावजया. ‘हात नाही’ म्हटलेले सगळे. माणशी सहाशे रुपये घेतो, त्यात कॅनव्हास, रंग, चहा आलं. फ्रेम करून हवी असेल तर वेगळे. दहातले सहा जण फ्रेम करतात, आणि त्यावर आमचं फ्रेमचं टेबल परत उभं राहिलं.

गेल्या वर्षी त्या शोरूमनंही शनिवारी संध्याकाळी हेच सुरू केलं. पहिलं चित्र रंकाळा-संध्यामठ. जाहिरातीत ‘कोल्हापुरात प्रथमच’. मी तो कागद सरांना दाखवला. ते म्हणाले, “त्याच्याकडं रंगवणारा माणूससुद्धा काहीतरी शिकूनच घरी जाईल, वयनी.” सर मोठे आहेत. मला ते जमलेलं नाही, आणि म्हणून हे इथं लिहून ठेवलं.

माझा पुण्याचा कॅनव्हास काउंटरच्या मागं लावलाय. त्याची काच मी स्वतः कापली, अण्णांच्या हिरकणीनं, एका रेघेत. शेजारी सागाची एक पातळ पट्टीची फ्रेम टांगलीय, १५ बाय २२, आत क्रीम माउंट, चित्र नाही. आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतं की ही रिकामी का. सर दर शनिवारी तिच्याकडं बघतात आणि म्हणतात, घाटावरचं ऊन अजून मनासारखं मिळत नाही. ऑर्डर बुकातल्या त्यांच्या पानावर ‘रक्कम पूर्ण’ असं लिहिलंय, त्याच्या पुढचा ‘माल दिला’ चा रकाना अजून कोरा आहे.