एका शिक्क्याचे पाच आठवडे

मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक सही आणि एक गोल शिक्का हवा होता. एवढ्यासाठी मी एका कार्यालयाचे सहा हेलपाटे घातले. आता वर्ष होत आलं, कर्नाटकातल्या निपाणीत आम्ही रुळलोय, तरी तो शिक्का आठवला की डोकं तापतं. महाराष्ट्रातून सीमाभागात बिऱ्हाड हलवणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तरी हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहून ठेवतेय.

ह्यांची बदली कोल्हापूरजवळच्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत झाली, तिथून सगळं सुरू झालं. आबांची, म्हणजे सासऱ्यांची, बायपास होऊन दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलेलं, आणि आमच्या जुन्या शहरात चालायचं म्हणजे गाड्या चुकवायच्या. आबांचं बालपण चिकोडीकडचं. त्यांनी एकच मागणं मागितलं, "घर कुठंही घ्या, पण पाण्याच्या काठाला घ्या. सकाळी उठून पाणी दिसलं पाहिजे."

मग आम्ही रविवार धरून फिरलो. हिडकलला गेलो. घटप्रभेवरचं धरण, राजा लखमगौडा जलाशय, ५१ टीएमसीचा साठा. नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, त्यामुळे आबांचा जीव तिथे अडकला होता. पण बायपास झालेल्या माणसाला रात्री एक वाजता काही झालं तर कुठं पळायचं, या प्रश्नाला उत्तर मिळेना. नंदगड पाहिलं. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी, तलाव, गर्द झाडी, मला तर तिथून हलावंसं वाटेना. पण खानापूर तालुक्याचा पाऊस आबांच्या छातीला झेपणारा नाही, आणि कागल तिथून शंभर किलोमीटरच्या पुढे. बेळगावात किल्ल्यालगतचं कोटे केरे, म्हणजे किल्ल्याचं तळं, आहे, दवाखाने हाताशी आहेत, पण ह्यांचं रोजचं जाणं-येणं दीडशे किलोमीटरच्या वर गेलं असतं. राहिली निपाणी. कागल वीसेक किलोमीटर, कोल्हापूर चाळीसेक, गावात मराठी शाळा, आणि गावाला पाणी पाजणारा जवाहर तलाव.

तलाव आम्ही दोनदा पाहिला आणि हे फार बरं केलं. गणपतीत गेलो तेव्हा काठोकाठ भरलेला, आबा तिथल्या तिथे हो म्हणाले. मी अडून बसले की उन्हाळ्यात परत बघू. एप्रिलमध्ये गेलो तर पाणी बरंच खाली गेलं होतं आणि काठाला वाळलेल्या चिखलाच्या खपल्या सुटल्या होत्या. तलावाच्या आशेनं गाव निवडणाऱ्यांनी तो उन्हाळ्यातच बघावा. आणि नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. आम्ही विचारलं, मनाची तयारी केली, मोठी टाकी असलेलं घर घेतलं.

घराबद्दल आणखी एक. निपाणी हे तंबाखूचं गाव, १९८१ चं शेतकऱ्यांचं आंदोलन इथलंच. वखारीजवळच्या गल्लीत जर्द्याचा वास नाकात बसतो. घरात दम्याचं किंवा हृदयाचं माणूस असेल तर घर दुपारी बघा, वाऱ्याची दिशा कळते. भाडेकरार, गॅस, सामान हलवणं या सगळ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते आठवड्यात उरकलं.

आता दाखला.

कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्याला. हा पंधरा दिवसांचा फरक मला माहीत होता, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. मुलगी सातवी पास झाली. १ मेला निकाल, २ मेला शाळेनं दाखला हातात दिला. शाळेतला कारकून भला माणूस. म्हणाला, "ताई, परराज्यात जायचंय ना, मग यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, त्याशिवाय तिकडे चालत नाही." मला वाटलं, दुपारपर्यंत होईल.

त्या कार्यालयाचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. पहिल्या दिवशी माध्यमिकच्या टेबलावर गेले, कारण शाळा पाचवी ते दहावीची, म्हणजे माध्यमिक. तिथले म्हणाले, सातवी म्हणजे उच्च प्राथमिक, दुसऱ्या मजल्यावर जा. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, शाळा माध्यमिककडे संलग्न, खाली जा. तीन वेळा जिना चढले-उतरले. चौथ्यांदा दोन्ही टेबलांना एकत्र आणायचा प्रयत्न केला तर जेवणाची सुट्टी झाली. त्यानंतर साहेब दौऱ्यावर.

दुसऱ्या खेपेला ठरलं की काम माध्यमिककडेच होणार. साहेब नव्हते, अर्ज ठेवून घेतला. तिसऱ्या खेपेला, अकरा दिवसांनी, कारकून बाईंनी एक जाडजूड फाइल काढली, माझा दाखला शेजारी धरला आणि म्हणाल्या, "मॅडम, ही सही आमच्या रेकॉर्डला नाही."

झालं होतं असं. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक ३० एप्रिलला निवृत्त झाले. २ मेच्या दाखल्यावर सही प्रभारी मॅडमची. आणि त्यांची नमुना सही शाळेनं वर पाठवलेलीच नव्हती. दाखला ३० एप्रिलपर्यंत निघाला असता तर जुन्या सरांच्या सहीवर चालून गेलं असतं! आता संस्थेच्या सचिवांचं पत्र हवं, सोबत प्रभारींच्या नमुना सह्या हव्यात. शाळेला सुट्टी, सचिव गावाला, प्रभारी मॅडम मुलाच्या प्रवेशाच्या गडबडीत. मी त्या बाईंना विचारलं, मुलीची यात काय चूक? त्या म्हणाल्या, तुमची चूक नाहीच मॅडम, पण मी सही पुढे कशी करू? त्यांचंही खरं होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून रडले.

त्या बाकावर एक गोष्ट मात्र चांगली झाली. हातात दाखला, करायला काही नाही, म्हणून तो ओळ न् ओळ वाचला. 'मातृभाषा' या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. सीमाभागात जाणाऱ्यांनी हा रकाना डोळ्यांत तेल घालून बघावा. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद आहे, आणि तेव्हा मातृभाषा सिद्ध करायला हाच कागद कामाला येतो. सचिवांच्या पत्रासाठी शाळेत गेले तेव्हा तिथे 'मराठी' लिहून, शेजारी सही-शिक्का मारून घेतला.

चौथी खेप. पत्र घेऊन गेले तर त्यावर जावक क्रमांक नाही. परत शाळा. जावक क्रमांक म्हणजे रजिस्टरमधला एक आकडा, लाल पेनानं कोपऱ्यात लिहायचा. त्यासाठी माझा अख्खा दिवस आणि येण्या-जाण्याची रिक्षा गेली. कुठलंही पत्र कुठल्याही कार्यालयात नेण्याआधी त्यावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का ते बघा, हे मी आता झोपेतसुद्धा सांगेन.

इकडे मे संपत आला. सामान निपाणीत पोचलं, आबा आणि हे तिकडे, मी आणि मुलगी नणंदेकडे. फोनवर आबांना सांगितलं की ते लोक सारखं 'परराज्य, परराज्य' करतात. आबा चिडले. "परराज्य कसलं? सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्या म्हणून लिहिलंय. आमच्याच गावात यायला आम्हाला शिक्का लागतो होय?" त्यांचा आवाज कापत होता. मी मग त्यांना पुढच्या खेपांचं काही सांगितलंच नाही.

निपाणीतल्या शाळेत बिनदाखल्याचीच गेले, मनातून पार खचलेली. अनुदानित शाळा, मराठी माध्यम. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं, निकालपत्रक आणि आधार बघितलं आणि म्हणाले, "पोरीला उद्यापासनं बसू दे की वर्गात. कागद येतील मागनं." मी विचारलं, चालेल का? त्यांनी सांगितलं ते प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावं. शिक्षणहक्क कायदा २००९, कलम ५. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलालाही हे लागू आहे. पण आठवीपर्यंतच. नववीला बदलणाऱ्यांना हा आधार नाही. हे मला ५ मेला माहीत असतं तर निम्मं रडणं वाचलं असतं. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही.

पाचवी खेप, साहेब बैठकीला. सहावी खेप, ६ जून. साहेब जागेवर. सही झाली. मग शिक्का. शिक्क्याचं पॅड वाळून कडक झालं होतं. बाईंनी ड्रॉवरमधून शाईची बाटली काढली, दोन थेंब टाकले, बोटानं पसरले, शिक्का आधी जुन्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर मारून बघितला, तो अर्धाच उठला, परत दाबला, आणि मग माझ्या दाखल्यावर जपून, चारी बाजूंनी दाब देत मारला. वर फुंकर घातली. "वाळू द्या दोन मिनिटं, मॅडम," म्हणाल्या. मी ती दोन मिनिटं दाखला दोन्ही हातांत आडवा धरून उभी होते. जिना उतरताना पाय हलके झाले होते.

म्हणून सांगते, राज्य बदलायचं नक्की असेल तर मार्चमध्येच शाळेत जाऊन विचारा, कुणी निवृत्त होतंय का, आणि नव्या माणसाची नमुना सही वर गेली का. जुन्या शाळेकडून यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या देशभरच्या ऑनलाइन नोंदीत, मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकून घ्या आणि पेन क्रमांक, म्हणजे मुलाचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, वहीत लिहून ठेवा. नाहीतर नव्या शाळेला कर्नाटकच्या प्रणालीत नाव चढवता येत नाही. आमचं त्यात आणखी आठ दिवस गेले.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कर्नाटकच्या सीईटीतून, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेतून, जागा हवी असेल तर पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेलं असणं ही एक मुख्य अट आहे. आठवीला आलेल्या मुलीची बारावीपर्यंत पाचच होतात. त्याला इतर पोटकलमं आहेत, पालकांच्या शिक्षणावरूनची, ती वाचून घ्या. पण ज्यांची मुलं चौथी-पाचवीत आहेत त्यांनी बदली टाळत बसू नये. आमच्या मातृभाषेच्या रकान्याचं मोल मला यामुळे आणखी वाटतं.

कन्नड शिकावंच लागतं, त्याला भिऊ नका. पलीकडच्या अक्का रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मुलीकडून बाराखडी गिरवून घेतात. पहिल्या चाचणीत ती रडत आली, सहामाहीला पास झाली. हेस्कॉमचं वीजबिल आता तीच वाचून दाखवते.

आधारवर निपाणीचा पत्ता लवकर करून घ्या. मला त्यावर बायकांसाठीच्या शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या बसनं चिकोडी-बेळगावला फुकट जाता येतं. एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची असेल तर पासिंग बदलावं लागतं, त्याची एनओसी जुन्या गावातून निघतानाच घ्या. कोगनोळी टोलनाक्यावर मासिक पासची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी वाढलं की महामार्गाची खबर घेऊनच निघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तो बंद पडला होता.

आबा रोज सकाळी तलावाकडे जातात. पहिल्या पावसाळ्यात तलाव भरून वाहायला लागला त्या दिवशी ते छत्री विसरून भिजत घरी आले आणि मुलीला हाताला धरून परत घेऊन गेले. तिची शाळा त्या दिवशी बुडाली, मी काही बोलले नाही.

हां, एक राहिलं. शिक्का वाळला की दाखल्याच्या तीन रंगीत प्रती काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मूळ प्रत शाळेत जमा होते, आणि दुसरी काढायची म्हणजे पुन्हा तोच जिना.